नियतिवाद्यांचे तप

बिहारमध्ये गयेच्या उत्तरेस, आजच्या जहानाबाद जिल्ह्यात, बराबर नावाच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत. तिथल्या दोन गुहा राजा प्रियदर्शी अशोकाने राज्याभिषेकाला १२ वर्षे झाली असताना, म्हणजे इ.स.पू. २५७च्या सुमारास, आजीवक पंथाच्या भिक्षूंना दिल्या, असे गुहांवरच्या छोट्या ब्राह्मी लेखांत नोंदलेले आहे. जवळच्या नागार्जुनी टेकडीवरच्या तीन गुहा अशोकाचा नातू दशरथ याने राज्यावर येताच त्याच पंथाला दिल्या आणि चंद्रसूर्य असेतोवर त्या त्यांच्याकडे राहाव्यात, असे कोरवून घेतले. डोंगर पोखरून केलेल्या आणि काळ निश्चित सांगता येतो अशा भारतातल्या या सर्वांत जुन्या गुहा. आतल्या भिंतींची आरशासारखी झिलई आजही टिकून आहे. याच समूहातल्या लोमश ऋषी गुहेच्या दारावरची लाकडी बांधणीची नक्कल करणारी कमान पाहिली, की भाजे-कार्ल्याच्या चैत्यगवाक्षांची पूर्वपीठिका दिसते. म्हणजे ज्या शिल्पपरंपरेचा महाराष्ट्राला रास्त अभिमान आहे, तिच्या आरंभी एका अशा पंथाचे नाव आहे, ज्याचा आज एकही अनुयायी नाही आणि एकही ग्रंथ हाती नाही. इतकेच नव्हे, तर यांपैकी काही लेखांत नेमका ‘आजीवक’ हाच शब्द मागाहून कुणीतरी छिन्नीचे घाव घालून खोडायचा प्रयत्न केलेला आहे. राजाचे नाव राहू दिले, दानाचा उल्लेख राहू दिला, घाव घातला तो दान घेणाऱ्यांच्या नावावर.

पुढे या गुहांत इतर देवतांची स्थापना झाली आणि मौखरी राजा अनंतवर्म्याचे संस्कृत लेख आले. पण नाव पुसण्याचे काम दगडावर होण्याच्या कितीतरी आधी ग्रंथांत सुरू झाले होते. आजीवकांविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे, ते बहुतांशी त्यांच्या प्रतिपक्षाच्या तोंडून. बौद्धांनी त्यांना सहा चुकीच्या गुरूंच्या यादीत बसवले, जैनांनी त्यांच्या गुरूला महावीरांचा बंडखोर शिष्य ठरवले, कौटिलीय अर्थशास्त्राने देवकार्यात आणि पितृकार्यात शाक्य व आजीवक भिक्षूंना जेवू घालणाऱ्याला १०० पण दंड सांगितला. या साऱ्या साक्षींतून आजीवकांचे एक चित्र रूढ झाले. माणसाच्या प्रयत्नाने काहीच होत नाही असे मानणारा, म्हणून पापपुण्याची चाड नसलेला, आतून पोकळ असा हा पंथ होता, असे ते चित्र. हे चित्र चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा त्याच विरोधी ग्रंथांत आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याहून पुढे जाऊन मी असे म्हणतो, की आजीवकांनी उभा केलेला प्रश्न बाजूला काढला तर बौद्धांचा आणि जैनांचा कर्मविचार आज आहे तसा का घडला, हे नीट उमगत नाही. मराठीत चार्वाकांना सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांच्यासारखे अभ्यासू पक्षकार लाभले. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये बुद्धकालीन श्रमणपंथांचा परिचय करून दिला. आजीवकांचा खटला मात्र आपल्याकडे अजून स्वतंत्रपणे उभा राहिलेला नाही.

प्रथम प्रतिपक्षाची साक्ष पाहू. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू बुद्धाला सांगतो, की संन्यासाचे या जन्मी दिसेल असे फळ कोणते, हा प्रश्न आपण सहा आचार्यांना विचारला आणि कुणीही त्याचे उत्तर दिले नाही, प्रत्येकाने आपापला सिद्धांत तेवढा ऐकवला. पूरण कस्सपाने पापपुण्य नाकारले. अजित केसकंबलीने देहापलीकडे काही नाही असे सांगितले. पकुध कच्चायनाने पृथ्वी, आप, तेज, वायू, सुख, दुःख आणि जीव ही सात तत्त्वे अचल व अभेद्य मानली. संजय बेलट्ठिपुत्ताने कोणताही पक्ष घ्यायचे टाळले. निगंठ नातपुत्ताने, म्हणजे महावीरांनी, चार संयम सांगितले. आणि मक्खलि गोशालाने, म्हणजे आजीवकांच्या गुरूने, सांगितले, की प्राण्यांच्या मलिनतेला कारण नाही आणि शुद्धीलाही नाही. बळ, वीर्य, पुरुषाचा पराक्रम यांची मात्रा चालत नाही. नियती, संगती आणि भाव यांच्या योगाने सारे घडत जाते. मूर्ख असो वा पंडित, प्रत्येकाला ८४ लाख महाकल्पांचा प्रवास पुरा करावा लागतो आणि त्याच्या शेवटी दुःखाचा अंत आपोआप होतो. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंतच उलगडतो, तसा हा प्रवास. ८४ लाख हा आकडा मराठी माणसाच्या कानावर योनींच्या संदर्भात लहानपणापासून पडलेला असतो. इथे तो महाकल्पांचा आहे आणि त्याचे एका पंथातून दुसऱ्या पंथात कसे संक्रमण झाले, याबद्दल घाईने बोलू नये. पण श्रमणांचे हे सारे संप्रदाय एकाच हवेत श्वास घेत होते, एवढे त्यावरून नक्की कळते.

याच उताऱ्यात एक वाक्य असे आहे, ज्याच्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष जात नाही. शील, व्रत, तप किंवा ब्रह्मचर्य यांच्या जोरावर मी न पिकलेले कर्म पिकवीन किंवा पिकलेले भोगून संपवीन, असे कुणी म्हणेल तर ते होणे नाही, असे गोशाल सांगतो. यात तप करू नये असे कुठेही म्हटलेले नाही. नाकारला आहे तो तपाचा दावा. तप हे मोक्षाचे साधन नाही, त्याने प्रवासातला एक टप्पाही कमी होत नाही, एवढेच इथे प्रतिपादन आहे. पाणिनीच्या सूत्रावर भाष्य करताना पतंजलीने मस्करी, म्हणजे पालीतल्या ‘मक्खलि’शी जोडल्या जाणाऱ्या, परिव्राजकांविषयी जी नोंद केली आहे तीही याच दिशेने जाते. हातात वेळूचा दंड असतो म्हणून ते मस्करी नव्हेत, कर्मे करू नका, शांती हीच तुमच्या हिताची, असे ते सांगतात म्हणून मस्करी, असा तिचा आशय. व्याकरणाच्या ग्रंथात, दुसरेच काही सांगताना आलेली ही साक्ष आहे. तिच्यामागे पंथद्वेष दिसत नाही, म्हणून मी तिला बौद्ध निंदेपेक्षा जास्त वजन देतो.

आता आजीवकांचे प्रत्यक्ष वागणे कसे होते? मज्झिमनिकायात सच्चक नावाचा वादपटू नंद वच्छ, किस संकिच्च आणि मक्खलि गोशाल यांचे आचार सांगतो. ते नग्न राहतात, हातावर घेऊन खातात, ‘या’ म्हटले तर येत नाहीत, ‘थांबा’ म्हटले तर थांबत नाहीत, खास त्यांच्यासाठी केलेले अन्न घेत नाहीत, उपवासाचे दिवस वाढवत नेतात. जैनांच्या स्थानांगसूत्रात आजीवकांच्या चार तपांची नोंद आहे: उग्र तप, घोर तप, रसत्याग आणि जिव्हेचा संयम. जैनांच्याच भगवतीसूत्राच्या आठव्या शतकात, म्हणजे प्रकरणात, तर त्यांच्या गृहस्थ अनुयायांचे नियम आहेत. उंबर, वड, बोर अशा पाच जातींची फळे ते वर्ज्य करतात, कांदा, लसूण आणि कंद खात नाहीत, बैल खच्ची न करता आणि नाक न टोचता वापरतात, बारीक जीवांचीही हिंसा होणार नाही असा व्यापार करतात. आणि हे नियम सांगण्यामागे त्या सूत्राचा हेतू काय? आजीवकांचे श्रावक एवढे पाळतात, मग आपल्या श्रावकांनी किती पाळावे, असे जैन गृहस्थांना बजावण्याचा. दूषण देण्यासाठी कुणी प्रतिपक्षाच्या सदाचाराची अशी तपशीलवार यादी देत नाही. ती यादी खरी असल्याशिवाय तिचा असा उपयोगही होत नाही.

यावर जुना आक्षेप ठरलेला आहे. सारे ठरलेलेच असेल तर उपवास कशाला आणि बैलाच्या नाकाची काळजी कशाला? एक तर सिद्धांत खोटा, नाहीतर आचार ढोंगी. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, कारण तप म्हणजे साधन ही बौद्ध-जैन-वैदिक परंपरांची समजूत आपण नकळत गृहीत धरलेली असते. आजीवकांची मांडणी वेगळी होती, असे अंगुत्तरनिकायातल्या सहा अभिजातींवरून, म्हणजे माणसांच्या वर्गांवरून, दिसते. ती विभागणी तिथे पूरण कस्सपाच्या नावावर असली तरी तिच्या शिखरावर कोण आहे ते पाहण्यासारखे आहे. खाटीक आणि पारधी काळ्या जातीत, मग निळी, तांबडी, पिवळी अशा पायऱ्या, आजीवक भिक्षू आणि भिक्षुणी पांढऱ्या जातीत, आणि परमशुभ्र जातीत फक्त नंद वच्छ, किस संकिच्च व मक्खलि गोशाल हे तिघे. म्हणजे तपस्वी असणे ही प्रवासातली एक जागा आहे. जीव तिथे पोहोचला म्हणजे त्याच्याकडून तप घडते. तप केल्यामुळे तो तिथे पोहोचत नाही. अशा दृष्टीने पाहिले, तर आजीवकाचे उपोषण हे त्याच्या सिद्धांताशी विसंगत ठरत नाही. ते त्याच्या दृष्टीने लक्षण आहे, कारण नव्हे. आर्थर बॅशम यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, जो आजही या विषयावरचा पायाभूत ग्रंथ आहे, आजीवक तप करतो कारण नियती त्याच्याकडून ते करवते, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की अभिजातींच्या क्रमामुळे या उत्तराला पंथाच्या स्वतःच्या विश्वरचनेत आधार सापडतो. ते उत्तर आपण बाहेरून त्यांना उसने दिलेले नाही.

तपाची ही जाणीव किती गंभीर होती, हे गोशालाच्या मृत्यूच्या कथेत दिसते. भगवतीसूत्राचे पंधरावे शतक या कथेने भरलेले आहे, आणि पंथाच्या इतिहासासाठी याहून श्रीमंत साधन नाही. गोशाल हा चित्रफलक दाखवत भिक्षा मागणाऱ्या मंख जातीच्या बापाचा मुलगा, गोठ्यात जन्मलेला. तो महावीरांना नालंदेत भेटला, काही वर्षे त्यांच्याबरोबर हिंडला, मग वेगळा झाला आणि श्रावस्तीत हालाहला नावाच्या कुंभारणीच्या कार्यशाळेत राहू लागला. तिथे त्याचा महावीरांशी अखेरचा संघर्ष झाला, त्याने सोडलेले तेज त्याच्यावरच उलटले आणि सात दिवसांनी तो मेला, असे सूत्र सांगते. त्या सात दिवसांत तो हातात आंब्याचे फळ घेऊन बसतो, पितो, गातो, नाचतो, हालाहलेला हात जोडतो आणि मातीमिश्रित थंड पाणी अंगावर शिंपडतो. सूत्रकाराच्या मते हा भ्रमिष्टपणा आणि तो झाकण्याची धडपड. पण त्याच सूत्रात आजीवकांच्या आठ ‘चरम’ गोष्टींची यादी आहे: अखेरचे पान, अखेरचे गान, अखेरचे नृत्य, अखेरचा नमस्कार, अखेरचा महामेघ, अखेरचा गंधहस्ती सेचनक, अखेरचे महाशिलाकंटक युद्ध आणि अखेरचा तीर्थंकर. यातले युद्ध अजातशत्रूने वैशालीशी केलेले, म्हणजे काळाचा धागा सामञ्ञफलसुत्ताशी जुळतो. ज्या समाजाने आपल्या गुरूचे शेवटचे दिवस युगान्ताची चिन्हे म्हणून मनात जपले, तो समाज त्या दिवसांकडे लाजेने पाहत नव्हता.

याच प्रकरणात पानांचे आणि अपानांचे प्रकार येतात. कोणते पाणी घ्यावे आणि पाण्याऐवजी नुसते काय धरावे किंवा तोंडात ठेवावे, अशी ती यादी आहे. तिच्या शेवटी ‘शुद्धपान’ येते. सहा महिन्यांचे हे व्रत: दोन महिने जमिनीवर, दोन महिने लाकडावर, दोन महिने दर्भावर झोपायचे, आणि शेवटच्या रात्री पूर्णभद्र व माणिभद्र हे देव येऊन थंड, ओल्या हातांनी अंगाला स्पर्श करतात. त्या स्पर्शाचा मोह धरणाऱ्याची गती वेगळी, न धरणाऱ्याच्या देहातून अग्नी उठतो आणि तो मुक्त होतो. हे तहानेने मरण पत्करण्याचे व्रत आहे, यात मला शंका वाटत नाही. ओल्या हातांचा मोह ज्याला होईल, तो कशासाठी तळमळत असेल हे सांगायला नको. भोगी आणि बेफिकीर म्हणून ज्यांची निंदा झाली, त्या पंथाची अंतिम साधना अशी होती आणि तिची नोंद त्यांच्या कट्टर विरोधकांनी करून ठेवली.

कथेचा शेवट याहून बोलका आहे. मरणाच्या रात्री गोशालाला पश्चात्ताप झाला, असे सूत्र म्हणते. मी जिन नाही, महावीरच जिन, असे कबूल करून त्याने शिष्यांना सांगितले, की माझ्या प्रेताच्या डाव्या पायाला दोरी बांधा, तोंडावर तीनदा थुंका आणि श्रावस्तीतून फरफटत न्या. शिष्यांनी काय केले? कार्यशाळेचे दार लावून घेतले, जमिनीवर श्रावस्तीचा नकाशा काढला, त्यावरून प्रेत ओढल्यासारखे केले आणि मग दार उघडून मोठ्या सन्मानाने अंत्ययात्रा काढली. या तपशिलाचा अर्थ मला असा लागतो, की गोशालाची अंत्ययात्रा थाटात निघाली होती, ही गोष्ट लोकांच्या इतकी स्मरणात होती की ती नाकारणे सूत्रकाराला शक्य नव्हते. म्हणून पश्चात्ताप आणि विटंबना बंद दाराआड ठेवावी लागली, जिथे साक्षीदार कुणीच नाही. विरोधकाच्या कथेतून इतिहास असा बाहेर येतो: त्याला जे सांगायला आवडले असते त्यातून नव्हे, जे टाळता आले नाही त्यातून.

अशा साक्षींवर इमारत बांधता येते का, हा आक्षेप अभ्यासक घेतील आणि तो योग्यही आहे. आजीवक हे मुळात एका पंथाचे नाव नसून कोणत्याही नग्न भिक्षूला लावलेले सैल विशेषण होते, असाही एक संशय आहे. यावर माझे उत्तर असे. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतर २७ वर्षांनी, धर्ममहामात्रांच्या कामाची वाटणी सांगताना संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ असे वेगवेगळे गट येतात. राज्यकारभाराला गटांची नावे ढोबळ चालत नाहीत. ज्यांच्यासाठी अधिकारी नेमायचे ते लोक कोण, हे ठाऊक असावे लागते. दुसरे असे, की बौद्ध आणि जैन हे एकमेकांचे ग्रंथ नकलून काढत नव्हते, उलट एकमेकांवर टीका करत होते. तरी गोशाल हा नेता, प्रयत्नाची निष्फळता हा सिद्धांत, नग्नता आणि कडक आहारनियम हा आचार, या तिन्हींबाबत त्यांची साक्ष जुळते. दोन शत्रू स्वतंत्रपणे जे एकसारखे सांगतात आणि ज्यात त्या दोघांचाही फायदा नाही, ते मी स्वीकारतो. गोशाल महावीरांचा शिष्य होता की सहप्रवासी, यासारख्या गोष्टी मात्र एकाच पक्षाच्या सोयीच्या आहेत आणि तिथे मी जैन कथेला बांधून घेत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बौद्ध आणि जैन विचारवंतांनी नियतिवादाचा एवढा धसका का घेतला? बुद्धाने साऱ्या विणलेल्या वस्त्रांत केसांची कांबळ जशी सर्वांत वाईट, तसे साऱ्या श्रमणमतांत मक्खलीचे मत सर्वांत वाईट, असे म्हटल्याचे अंगुत्तरनिकाय सांगतो. ९१ कल्प आठवूनही एकच आजीवक स्वर्गाला गेलेला आठवतो आणि तोही कर्म मानणारा होता, असे बुद्ध वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला सांगतात. इतका कठोर शब्द त्यांनी चार्वाकांसारख्या देहवाद्यांसाठी राखून ठेवलेला नाही. कारण उघड आहे. देहवादी पुनर्जन्मच मानत नव्हता, त्याच्याशी वाद दूरचा होता. आजीवक पुनर्जन्म मानत होता, संसार मानत होता, मुक्ती मानत होता, तप करत होता. फक्त मुक्तीची किल्ली माणसाच्या हातात नाही असे म्हणत होता. हा घरातला वाद होता. शिवाय त्याचा प्रश्न कर्मसिद्धांताच्या मुळाशी जात होता. माझे आजचे दुःख माझ्या मागच्या कर्मामुळे; ते कर्म मी केले ते त्यावेळच्या माझ्या स्वभावामुळे; तो स्वभाव त्याआधीच्या कर्मामुळे. मग प्रयत्न करणारा ‘मी’ या साखळीत नवा येतो कुठून? कर्माचा नियम पूर्णपणे लावला तर तो नियतीच होतो. बुद्धाला हे दिसले होते. अंगुत्तरनिकायात ते तीन मते एकत्र नाकारतात: सर्व काही पूर्वकर्माने होते, सर्व काही ईश्वराने होते, सर्व काही अकारण होते. तिघांनाही त्यांचे उत्तर एकच आहे, की असे असेल तर हे करावे आणि हे करू नये याला अर्थ उरत नाही. पूर्वकर्मवादाला त्यांनी नियतिवादाच्या रांगेत बसवले, आणि चेतनेलाच कर्म म्हणून कर्माला वर्तमानात आणले. या वळणामागे आजीवकांचा दबाव होता, असे मी समजतो.

जैनांचा पेच अधिक अवघड होता. उवासगदसाओ या अंगग्रंथात पोलासपुरचा सद्दालपुत्त नावाचा श्रीमंत कुंभार आजीवकांचा अनुयायी आहे. उन्हात वाळत घातलेली मडकी पाहून महावीर त्याला विचारतात, ही मडकी प्रयत्नाने झाली की प्रयत्नाविना? तो म्हणतो, प्रयत्नाविना, सारे नियत आहे. मग महावीर विचारतात, कुणी तुझी मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोशी गैरवर्तन केले तर काय करशील? मारीन, जीवही घेईन, असे तो म्हणतो. तेव्हा महावीर दाखवतात, की सारे नियत असेल तर मडकी फोडणारा दोषी नाही आणि त्याला मारण्याचा तुला अधिकार नाही. सद्दालपुत्त निरुत्तर होतो आणि पक्ष बदलतो. प्रसंग सुंदर आहे, आणि त्यातला वादाचा जीव मातीच्या भांड्यांपेक्षा त्या कुंभाराच्या रागात आहे. पण तर्काने पाहिले तर सद्दालपुत्ताला उत्तर होते. माझा राग आणि माझा प्रहारही त्याच नियतीत बसलेला आहे, असे तो म्हणू शकला असता. कथा त्याला ते म्हणू देत नाही. महावीरांनी इथे नियती खोटी ठरवली नाही. ती मानून कुणालाही दोष देता येत नाही, हे दाखवले. ही नैतिक जीत आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. मात्र तिला तार्किक खंडन समजणे बरोबर नाही.

शिवाय जैनांच्या स्वतःच्या सर्वज्ञतेच्या कल्पनेत नियतीचे बीज होते. गोशालाला नियतिवाद कुठे सुचला, याचे भगवतीसूत्राने दिलेले उत्तर पाहा. वाटेत तिळाचे झाड दिसले. ते फळेल आणि त्याच्या सात फुलांतले जीव एका शेंगेत सात दाणे होऊन जन्मतील, असे महावीरांनी सांगितले. ते खोटे पाडण्यासाठी गोशालाने झाड उपटून टाकले. पण पाऊस आला, झाड पुन्हा रुजले, आणि परत येताना शेंगेत सात दाणे होते. यावरून गोशाल नियतीकडे वळला, असे सूत्र म्हणते. तो वळला यात नवल कसले? ज्याला भविष्य पुरते दिसते त्याच्यासाठी भविष्य ठरलेलेच असते, आणि उपटलेले झाडही ते मोडू शकत नाही. हा पेच जैन आचार्यांना ठाऊक होता. म्हणूनच सिद्धसेन दिवाकरांच्या ‘सन्मतितर्का’त काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ यांपैकी एकालाच कारण मानणे मिथ्यात्व आणि सर्वांना मिळून मानणे सम्यक्त्व, असे सांगितले आहे. प्रतिपक्षाची नियती अशी आपल्या दर्शनात पाचातली एक म्हणून सन्मानाने बसवली गेली. श्वेताश्वतर उपनिषदातही जगाच्या कारणांच्या यादीत नियतीचे नाव येते. ज्या कल्पनेला सर्वांना उत्तर द्यावे लागले ती क्षुद्र नव्हती.

एक शेवटचा आक्षेप लोकव्यवहाराचा आहे. असला सिद्धांत जगण्याजोगा नव्हता, म्हणून तो नाहीसा झाला, असे म्हटले जाते. नाहीसा झाला हे खरे, पण केव्हा? श्रीलंकेत पंडुकाभय राजाने अनुराधपुरात आजीवकांसाठी निवास बांधल्याचे महावंस सांगतो. दक्षिणेत ‘मणिमेकलै’, ‘नीलकेशी’ आणि ‘शिवज्ञानसिद्धियार’ या तमिळ ग्रंथांत त्यांच्या मताचे खंडन आहे. नीलकेशीत तर चार महाभूते आणि जीव यांच्या अणूंचा विचार आणि ‘अविचलित नित्यत्व’ नावाचा, काहीच खरोखर बदलत नाही असे मानणारा पक्ष दिसतो. कोलार आणि तमिळ प्रदेशातल्या मध्ययुगीन लेखांत आजीवकांवरचा म्हणून वाचला गेलेला कर आहे. या साऱ्यांचा काळ चौदाव्या शतकापर्यंत येतो. दीड हजार वर्षांहून अधिक टिकलेल्या पंथाला जगण्याजोगा नव्हता असे म्हणता येत नाही. त्याला लोकाश्रय कसा मिळाला, हेही कळते. भविष्य ठरलेले असेल तर ते वाचता येते. बिंदुसाराच्या मुलांपैकी राज्य कुणाला मिळणार हे सांगणारा पिंगलवत्स हा आजीवक होता, असे दिव्यावदान सांगते. ज्या कालकाचार्यांनी प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या विनंतीवरून पर्युषणाची पंचमी चतुर्थीवर आणली, ते निमित्तविद्या आजीवकांकडून शिकल्याची परंपरा जैन साहित्यात आहे. ही विद्या पुढे सर्वच पंथांनी उचलली, आणि आजीवकांचे वेगळेपण झिजायला तेही एक कारण झाले असावे, असा माझा तर्क आहे.

पंथ गेला तरी त्याचा वाद गेला नाही. विसाव्या शतकात सोनगडच्या कानजी स्वामींनी ‘क्रमबद्ध पर्याया’चा सिद्धांत मांडला: प्रत्येक द्रव्याच्या अवस्था ठरलेल्या क्रमानेच येतात आणि सर्वज्ञाच्या ज्ञानात त्या तशाच दिसतात. दिगंबर समाजात त्यावर मोठा वाद झाला, कित्येक पंडितांनी त्याला नियतिवाद म्हटले. समर्थकांचे उत्तर असे होते, की पुरुषार्थ त्या क्रमाच्या बाहेर नाही. क्रम ठरलेला आहे आणि प्रयत्नही त्याच क्रमात येतो. पोलासपुरच्या कुंभाराला जे उत्तर त्याच्या कथेने देऊ दिले नाही, ते असेच काहीसे असते.